हक्कसोड

चार दिवस दंडात सुई, रोज सकाळी,
हुपरीच्याच दवाखान्यात.
तिसऱ्या दिवशी कंबर अशी ठणकली
की कुणीतरी आत बसून
हाडातला पत्रा ठोकतंय.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चांगलंय,
अस्थिमज्जा जागी झाली,
पेशी रक्तात उतरतायत.
मज्जा! काय शब्द काढलाय.

पाचव्या दिवशी पहाटेची बस,
कावळा नाक्याला उतरून चालत.
दोन्ही हात पसरून झोपवलं.
डाव्यातून जातं, उजव्यातून येतं,
मधी कपाटाएवढं यंत्र गरगरतंय.
इर्शाद मुल्लाणी म्हणून पोरगा होता यंत्रापाशी,
म्हणाला, मावशी, तांबडा-पांढरा वेगळा करतोय,
पण वाटी न्हाई मिळायची.
मी हसले, हात हलला, यंत्र ओरडलं.

सगळं रक्त परत देणार म्हणे.
नवं रक्त जे घडवतं
तेवढंच ठेवून घेणार, चिमूटभर.

हे मला नवीन नाही.
चांदीच्या कारखान्यात केर फेकत नाहीत.
मुशीजवळची राख, ब्रशाचा भुगा, पायपुसणंसुद्धा
पोत्यात भरून ठेवायचं.
वर्षातून एकदा झारेकरी येतो,
पाटीत पाणी घालून हलवतो, हलवतो,
माती सोडून देतो.
आप्पा म्हणायचे, आपली दिवाळी केरात असते.

तो कारखाना आता भूपालचा.
हातकणंगल्याच्या कचेरीत
पंख्याखाली बसून मी सही केली.
हक्कसोडपत्र. त्यात ‘राजीखुशीने’ असा शब्द होता,
टाइप करणाऱ्यानं आधीच घातलेला.
बहिणीनं मागायचं नसतं. मागितलं नाही.
बोललेही नाही, अकरा वर्षं.
भाऊबीजेला चुलतभाऊ ओवाळला.

फेब्रुवारीत वहिनी आली,
चप्पल न काढता उंबऱ्याबाहेर उभी,
यांच्या रक्तात बिघडलंय म्हणाली.
धाकट्याचं जुळलं नव्हतं,
नोंदणीतही कुणी सापडलं नाही.
माझ्या गालाच्या आतून कापूस फिरवून
पुण्याला पाठवला.
अहवाल आला: निम्मी जुळते.

निम्मी.
उताऱ्यावर जे कधी चढलं नाही
ते इथं छापून आलं, सही-शिक्क्यानिशी.
मी बघत बसले त्या शब्दाकडं.
वहिनीला वाटलं, घाबरले.

मग एका बाईनं मला वेगळ्या खोलीत नेलं,
वहिनीला बाहेर बसवून.
तुमची इच्छा आहे ना? कुणाचा दबाव?
नको असेल तर आम्हीच काहीतरी कारण सांगू,
तुमचं नाव येणार नाही.
तीनदा विचारलं.
कागद पुढं सरकवायच्या आधी
हे मला कुणी कधी विचारलंच नव्हतं.
उत्तर द्यायला वेळ लागला, तो त्यामुळं.

दुपारी ओठांना मुंग्या आल्या.
इर्शादनं गोळ्या दिल्या चघळायला,
चुन्यासारख्या लागल्या.
वर पिशवी भरत होती.
मला वाटलेलं, लालभडक असेल.
हे तर आमसुलाचं पातळ सार,
त्यात थेंबभर दूध सांडलेलं.
एवढंच?
मोजून सांगतील, म्हणाला. कमी पडलं तर उद्या परत.

भूपाल काचेपलीकडं.
केस नाहीत, भुवया नाहीत.
जुनं सगळं औषधानं जाळून काढलंय.
माझं रुजलं तर त्याचा गट बदलेल,
बी होता, ओ होईल.
नाव त्याचं राहील दारावर,
आत मी.
हसू आलं, आणि लगेच लाज वाटली.

त्यानं आतला फोन उचलला.
दुखलं का गं?
कंबर, म्हटलं. आता नाही.
पुढं दोघांनाही सुचेना,
तरी फोन कुणी ठेवला नाही.

संध्याकाळी आकडा आला. थोडा कमी.
वहिनीनं डब्यातली भाकरी मोडून
अर्धी माझ्यापुढं केली, न बोलता.
मी घरी कळवलं,
शुक्रवारची ऑर्डर राहू द्या,
घुंगरं लावायची ती मी आल्यावर लावीन.
उद्या अजून एकदा
केर धुवायचाय.